डोळ्यातला पिवळा

आधी माझं काम

मी रंग जुळवते. भिंतींचे नाही, चित्रांचेही नाही, पाकिटांचे. तुमच्या घरात येणारी हळदीची पुडी, दुधाची पिशवी, वेफर्सचं पाकीट, गोळ्यांची पट्टी यांच्यावर छापायची शाई साकीनाक्याच्या आमच्या कारखान्यात बनते. कंपनीने दिलेल्या नमुन्याशी ती जुळते की नाही हे बघून शाईचा पट्टा ओढलेल्या कार्डावर ‘पास’ लिहायचं, हे सत्तावीस वर्षं माझं काम होतं. मी पास म्हटलं की डबे भरायचे. नापास म्हटलं की मालकसुद्धा तोंड उघडायचे नाहीत.

मला त्याचा गर्व होता आणि अजून आहे. उगाच नम्रपणा दाखवून काय करू? माझे बाबा कोकणातून येऊन गिरणीच्या रंगखात्यात लागले, तिथेच त्यांची नोकरी सरली, आणि त्यांची नजर माझ्यात उतरली असं सगळे म्हणायचे. आमच्या शेड रूमच्या, म्हणजे रंग तपासायच्या खोलीच्या, भिंती करड्या, अंगावरचे कोट करडे. भडक साडी नाही, नेलपॉलिश नाही. नमुना तीन सेकंद बघायचा आणि मग नजर करड्या पुठ्ठ्यावर विसावायची, म्हणजे आधीचा रंग डोळ्यात राहत नाही. एकीने बहिणीच्या लग्नात हातभर हळद माखून घेतली होती, तिला मी दोन दिवस नमुन्याला हात लावू दिला नव्हता. हाताचा पिवळा नमुन्यावर पडतो. नव्या मुली मागून हसायच्या. हसू देत.

हे सगळं आधी सांगतेय, कारण माझा आजार डोळ्यांचा आहे आणि तो कळायला जो उशीर झाला तो या गर्वामुळेच झाला. माझ्या डॉक्टर म्हणाल्या, “विजयाताई, नवे पेशंट आले की फार घाबरलेले असतात. तुम्ही लिहा.” म्हणून फोनवरची अक्षरं बोराएवढी करून लिहितेय. चुका राहिल्या तर चालवून घ्या.

नाचता येईना

पहिली तक्रार वाचण्याची होती. ओळीत मधलंच एखादं अक्षर गायब व्हायचं. ‘पालक’ वाचायला जावं तर ‘पा’ नंतर एकदम ‘क’. मान जराशी हलवली की ‘ल’ जागेवर हजर. घाटकोपरच्या चष्मेवाल्याने वर्षभरात तीनदा नंबर बदलून दिला. प्रत्येक वेळी मला चार दिवस बरं वाटायचं, ते नव्या चष्म्याच्या कौतुकाने.

मग कामावर सुरू झालं. हळदीच्या पुडीचा पिवळा मला निळसर, थंड दिसायला लागला. आमच्याकडे म्हणतात, शेड निळी मारतेय. मी त्यात थोडा पिवळा घालायला सांगायची, मग आणखी थोडा. माझ्या हाताखाली रेश्मा होती, पस्तिशीची, आठ वर्षं माझ्याकडेच शिकलेली. ती कार्ड हातात घेऊन म्हणाली, “ताई, मला पिवळं जास्त वाटतंय.”

मी म्हटलं, “दिवे जुने झालेत.” नमुने बघायच्या पेटीतले दिवे बदलून घेतले. तरी शेड निळीच. रंग मोजायचं मशीन आहे आमच्याकडे, ते रेश्माच्या बाजूने आकडा दाखवत होतं. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. ते दुरुस्तीला पाठवलं. मशीनवाल्यांनी चिठ्ठी लावून परत पाठवलं की यात काही दोष नाही. मी ती चिठ्ठी ड्रॉवरमध्ये टाकली.

मग एक दिवस रेश्मा पुन्हा बोलली, तेही पॅकिंगची माणसं, हिशेबनीस, ड्रायव्हर सगळे समोर असताना. माझं डोकं फिरलं. “रेश्मा, तू इथे रंग बघायला येतेस की रंगपंचमी खेळायला?” सगळे हसले. तिने कार्ड ठेवून दिलं आणि पुढचा नमुना उचलला. त्या आठवड्यात मी मालकांना सांगितलं की हिची नजर तयार नाही, आणि त्यांनी तिला शेड रूममधून काढून पॅकिंगला टाकलं.

ती हळदीची शाई मी पास केली. महिन्याभरात मसालेवाल्यांकडून माल परत आला, शेरा होता, जास्त पिवळा. मी फोनवर त्यांच्या माणसाला सांगितलं की तुमच्याकडचे दिवे तपासा. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली असेल. आपल्या पायांकडे बघायचं मला सुचलं नाही.

चौकटीचा कागद

डॉक्टरांकडे मला माझ्या नवऱ्याने नेलं. दिलीप पार्ल्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करतात. शांत माणूस, पण त्या दिवशी मी चहात साखरेऐवजी रवा घातला आणि वर तोच चहा पिऊन मीच “साखर हल्ली गोड येत नाही” म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “अगं, चप्पल घाल. निघायचंय.”

पार्ल्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर केतकी भेटल्या. चाळिशीच्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी एक डोळा झाकायला सांगितला आणि चौकटी चौकटींचा एक कागद पुढे धरला. मधल्या ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात सांगा. उजव्या डोळ्याने बघितलं तर मधल्या रेघा आत खेचल्यासारख्या वाकलेल्या, आणि ठिपक्याच्या बाजूला दोन चौकटी पुसलेल्या.

मी काय म्हणावं? म्हटलं, “डॉक्टर, हा कागद बदला. तुमची छपाई हललीय. दोन रंगांत छापला असणार आणि दुसरा रंग जागेवर बसलेला नाही.”

त्या हसल्या नाहीत. “ताई, एकाच रंगात छापलाय. आता दुसऱ्या डोळ्याने बघा.”

डाव्या डोळ्याने रेघा बऱ्याच सरळ होत्या. तोच कागद, तोच प्रकाश. सत्तावीस वर्षं मी दोन नमुने शेजारी ठेवून फरक सांगत आले, आणि आता माझे स्वतःचे दोन डोळे शेजारी ठेवले होते. फरक मला दिसत होता. उजवा नापास होता.

दिलीप बाहेर येऊन बाकावर बसले आणि फक्त “देवाक काळजी” म्हणाले. एरवी शुद्ध बोलणारा हा माणूस घाबरला की मालवणीत शिरतो. तेवढ्यावरून मला कळलं की प्रकरण साधं नाही.

काळोख हवा तिथे उजेड

मग तपासण्या. आधी डोळ्यात थेंब, मग तासभर सगळं धुरकट. एकदा हातातून पिवळं औषध टोचून फोटो काढले. दोन मिनिटं मळमळलं, आणि घरी येईपर्यंत अंगावर पिवळी झाक चढली. शेजारच्या काकूंनी दारातच निदान केलं की ही कावीळ, आणि संध्याकाळी मला उसाचा रस आणून दिला. रस छान होता. दुसऱ्या दिवशी मी पूर्ववत झाले आणि काकूंनी सोसायटीभर सांगितलं की रसाने गुण आला.

पण माझा आजार पकडला तो न टोचता, नुसत्या प्रकाशाने. एका अंधाऱ्या खोलीत मशीनवर हनुवटी ठेवायची, कपाळ पट्टीला टेकवायचं आणि समोरच्या खुणेकडे बघायचं. अनघा नावाची संशोधक ते मशीन चालवायची. तिने आधी निळा प्रकाश टाकून फोटो काढला, मग हिरवा टाकून. नंतर पडद्यावर दोन फोटो शेजारी लावले. एक निरोगी माणसाचा, एक माझा.

“मावशी, डोळ्याच्या मागच्या पडद्यात काही द्रव्यं असतात, ती निळ्या प्रकाशात आपोआप चमकतात—”

“म्हणजे आमच्या औषधाच्या पाकिटांवरच्या गुप्त शाईसारखी,” मी म्हटलं. “नकली माल ओळखायला लावतात ना? एक प्रकाश आत जातो, दुसऱ्या रंगाचा बाहेर येतो.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “अगदी तेच! आमच्या डॉक्टर मुलांना हे समजवायला मला अर्धा तास लागतो.”

इतक्या भीतीतही मला बरं वाटलं. पडलो तरी नाक वर, दुसरं काय.

पुढचं तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पडद्याच्या मध्यभागी, ज्या जागेने आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो, तिथे एक पिवळा ठिपका असतो. पालेभाज्या, मका, अंड्याचा बलक यांतून आलेला पिवळा तिथे साठतो आणि निळा प्रकाश अडवतो. म्हणून निरोगी डोळ्याच्या निळ्या फोटोत मध्यभागी काळोख दिसतो, कारण निळा तिथे पोचतच नाही. हिरव्याला तो पिवळा फारसा अडवत नाही. एका फोटोतून दुसरा वजा केला की कुठे किती पिवळा आहे त्याचा नकाशा मिळतो. डोळ्याला सुई नाही की कात्री नाही, प्रकाश टाकून आतल्या द्रव्याची मोजदाद करायची.

निरोगी माणसाच्या फोटोत मध्यभागी छान काळोख होता. माझ्या उजव्या डोळ्यात तिथे उजेड होता. डाव्यातही उजेड व्हायला लागला होता.

“पिवळा गेलाय,” मी म्हटलं.

“कमी झालाय,” अनघा म्हणाली. तिला खोटं बोलायचं नव्हतं, दुखवायचंही नव्हतं.

डॉक्टर केतकींनी नाव सांगितलं, मॅक्टेल, दुसऱ्या प्रकारचा. हळू वाढणारा आजार. पूर्ण आंधळेपण सहसा येत नाही, कडेचं दिसत राहतं, पण मध्यभागाचा भरवसा नाही. गेलेलं परत आणणारं औषध त्यांच्या हातात आज नाही. मी एकच प्रश्न विचारला. “माझ्या रंग जुळवण्यावर याचा परिणाम झाला असेल?”

त्या म्हणाल्या, “झाला असू शकतो. निळा जास्त आत येतोय. दोन शाया वेगवेगळ्या द्रव्यांच्या असतील तर इतरांना जुळलेल्या दिसतील त्या तुम्हाला जुळलेल्या दिसणार नाहीत. नक्की किती ते नाही सांगू शकत.”

मला पुढचं ऐकू आलं नाही. माझ्या डोळ्यासमोर रेश्मा उभी होती, हातात कार्ड घेऊन.

घरचे आणि दारचे

दिलीपनी त्यांच्या परीने घर सांभाळलं, म्हणजे मला वेड लावलं. गॅसच्या बटणावर लाल टेप, साखरेच्या डब्यावर लाल टेप, माझ्या चष्म्याच्या पेटीवर लाल टेप. शेवटी सगळंच लाल झालं आणि पुन्हा काही ओळखू येईना. माझा फोन वाजला की ते झडप घालून वाचायचे. “कुणाचा मेसेज आहे, मी सांगतो ना.” दोन आठवडे सहन केलं, मग एका सकाळी मी पोळी तव्यावर टाकून ओरडले, “माझे डोळे गेलेत, मी गेलेली नाही!” पोळी जळाली. ते म्हणाले, “मला काय करायचं तेच कळत नाही गं.” त्यानंतर आम्ही ठरवलं, मी मागितल्याशिवाय मदत नाही. माझ्यासमोर ते कसे हात आवरून बसतात ते बघण्यासारखं असतं.

सोसायटीला बातमी त्यांनीच दिली होती. मग काय विचारता. गाजरं आली, आवळे आले, त्रिफळा आला, कुणी मध डोळ्यात घालायला सांगितलं. कृपा करून डोळ्यात काही घालू नका, हे मी हात जोडून सांगते. खायचं ते खा. मी पालक खाते, मका खाते, पण मध्यभागचा पिवळा त्याने परत भरत नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. गाजरांचा हलवा झाला, तो मात्र सत्कारणी लागला.

भीतीबद्दल लिहायला हवं. मला आंधळं होण्याची भीती नव्हती असं नाही. पण खरी भीती वेगळी होती. माझं ‘पास’ गेलं तर मी कोण उरते? पाकिटं घेऊन दुकानातून येणारी एक बाई. हे कुणाला सांगता येईना, दिलीपनाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडायची.

हनुवटी टेकवून

अनघाच्या गटाचं संशोधन चालू होतं. नुसता पिवळा मोजायचा नाही, तर प्रकाशाची टिचकी मारल्यावर डोळ्यातली चमक विझायला किती वेळ लागतो तेही मोजायचं. तो वेळ इतका बारीक की आपल्याला त्याची कल्पनाही करता येत नाही. पण प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळेत विझतं, त्यावरून ते ओळखता येतं. आज माझ्या डोळ्याला याचा उपयोग नव्हता, हे तिने पहिल्यांदाच सांगितलं. पुढे कुणाचा आजार अक्षरं गायब व्हायच्या आधी कळावा म्हणून हे चाललं होतं. मी लगेच हो म्हटलं. आमच्या धंद्यात पहिला नमुना नेहमी वायाच जातो, त्यावर पुढचे जुळतात.

तेव्हापासून दर काही महिन्यांनी पार्ल्याला जाते. नंबर, थेंब, धुरकट बाक, दिलीपच्या पिशवीत पोहे. बाकावर बसलेल्या बायांशी ओळखी होतात, सगळ्या एकमेकींना आवाजावरून ओळखतात. मग अंधारी खोली.

आणि त्या खोलीत मी पहिली आहे, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बाकीच्यांची नजर हलते, पापणी मिटते, फोटो पुन्हा पुन्हा काढावे लागतात. माझा पहिल्याच फेरीत येतो. अनघा म्हणाली, “मावशी, तुम्ही पुतळा आहात का?” अहो, सत्तावीस वर्षं मी दुसरं केलं काय? नजर एका जागी लावायची, हलवायची नाही. मधलं दिसेनासं झालं तरी ती सवय कुठे जाते. माझे फोटो तिने आपल्या सरांना दाखवले, आणि मशीन शिकायला येणाऱ्यांना आता ते दाखवतात म्हणे, स्वच्छ फोटो कसा असतो म्हणून.

आणखी एक. तिसऱ्या भेटीला बाकावरची एक बाई रडत होती. तिच्या नकाशाचा नवा कागद मागच्यापेक्षा फिका होता, म्हणजे डोळा आणखी बिघडला असं ती धरून बसली होती. मी दोन्ही कागद घेतले. जरा तिरकं, कडेच्या नजरेने बघितलं तर पांढरा मोकळा भागसुद्धा दोन्हींवर वेगळा. मी अनघाकडे गेले. “तुमचा प्रिंटर बदललाय?” बदलला होता. मी म्हटलं, छापखान्यात प्रत्येक कागदाच्या कडेला ठरलेल्या रंगांच्या पट्ट्या छापतात. आधी पट्ट्या जुळवायच्या, मगच चित्राबद्दल बोलायचं. तुम्हीही छापा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत, मध्ये करडे.

आता तिथल्या प्रत्येक पेशंटच्या कागदाच्या कडेला त्या पट्ट्या असतात. कुणाला माहीत नाही त्या कुणी सुचवल्या. तुम्हाला सांगून टाकलं.

चारचौघांत

एवढं सगळं शौर्य हॉस्पिटलात, आणि कारखान्यात मी कितीतरी महिने तोंड मिटून बसले होते. काम चालू होतं. मशीनचा आकडा बघून मी ‘पास’ लिहायची आणि तोंडाने असं दाखवायची की डोळ्याने बघितलं. रेश्मा पॅकिंगला डबे मोजत होती. जेवणाच्या सुट्टीत ती पाठ करून बसायची.

एक दिवस नकाशाचा कागद पर्समध्ये घालून मी मालकांच्या केबिनमध्ये गेले. किरणभाई चांगले गृहस्थ आहेत. मी सगळं सांगितलं, हळदीचा माल माझ्यामुळे गेला, रेश्मा बरोबर होती, मशीन बरोबर होतं. कागद टेबलावर ठेवला. म्हटलं, “इथे जो उजेड दिसतोय तिथे काळोख हवा होता.”

त्यांनी कागद उलटा करून ठेवला. “विजयाबेन, ये बात अपने दोनों के बीच रखो ना. मशीन है, मशीन देखेगा. आप खाली सही करो. पार्टी लोग आपके नाम पे माल उठाते हैं.”

खरं सांगते, मोह झाला. खुर्ची राहणार होती, नाव राहणार होतं. कुणाला कळलंही नसतं, आणि वाईट मालही गेला नसता, कारण मशीन होतंच. मी खुर्चीवरून उठले तेव्हासुद्धा माझं नक्की ठरलं नव्हतं. केबिनचं दार उघडलं तर समोर पॅकिंगचं टेबल, आणि रेश्मा वाकून डब्यावर पट्टी लावत होती. जी बाई बरोबर बघते ती डब्यांना पट्ट्या लावणार आणि जिला दिसत नाही ती सह्या करणार, हे माझ्या बाबांना मी कुठल्या तोंडाने सांगितलं असतं? ते आज नाहीत, तरी.

मी तिथेच उभी राहून मोठ्याने बोलले. चारचौघांत बोलले होते, चारचौघांतच परत घ्यायला हवं होतं. “ऐका सगळे. हळदीच्या शेडमध्ये चूक माझी होती. रेश्माने दोनदा सांगितलं, मी तिचा अपमान केला. माझा डोळा आजारी आहे. आजारापेक्षा माझा अहंकार मोठा होता. रेश्मा, मला माफ कर.”

रेश्माने हातातली पट्टी नीट चिकटवली, डबा बाजूला ठेवला आणि म्हणाली, “ताई, मला तेव्हाच माहीत होतं. मी घरी जाऊन रडले ना, ते चुकले म्हणून नाही. बरोबर असून गप्प बसले म्हणून.”

मग ती माझ्याजवळ आली आणि तिने हळू आवाजात विचारलं, “किती दिसतं आता?” मी सांगितलं. ती माझा हात धरून तशीच उभी राहिली. किरणभाई दारात येऊन थांबले होते. ते म्हणाले, “ठीक है भाई, सोमवार से रेश्मा.” आणि आत गेले.

तुमच्यासाठी थोडं

एकेक डोळा झाकून बघत जा. महिन्यातून एकदा तरी, दाराची चौकट, खिडकीची जाळी, काहीही सरळ असलेलं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाला पाठीशी घालतो. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

चष्म्याचा नंबर वर्षात तीनदा बदलत असेल तर चष्मेवाल्याकडे चौथ्यांदा जाऊ नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि थेंब घालून पडदा बघायला सांगा. थेंब घालायच्या दिवशी सोबत कुणीतरी असू दे, आणि गॉगल. नवऱ्याला लाल टेप घेऊन देऊ नका.

वाचताना कागद जरा बाजूला धरून बघा, डोळ्याची जी जागा चांगली असेल ती सापडते. मला सापडायला चार महिने लागले. आता मी पाककृती वाचते, बसचा नंबर वाचते, आणि चेहऱ्यांपैकी माझ्या माणसांचे तरी ओळखते.

आणि ज्याची चूक झाली नव्हती त्याला तुम्ही दोष दिला असेल, आजाराच्या नावाखाली का होईना, तर जाऊन सांगा. डॉक्टर हे लिहून देत नाहीत.

सोमवारनंतर

मी नोकरी सोडली नाही. किरणभाईंनी विचारलं, आता काय करणार? मी म्हटलं, शाई बनवणार. कुठला रंग किती घातला की काय होतं हे माझ्या डोक्यात आहे, त्याला डोळे लागत नाहीत. वजनकाट्याचे आकडे मोठे करून घेतले. मी शाई घोटते, कार्डावर ओढते, सुकवते आणि शेड रूममध्ये नेते. तिथे खुर्चीवर रेश्मा असते, करड्या कोटात.

पहिल्या कार्डाच्या दिवशी मीच जास्त घाबरले होते. औषधाच्या पट्टीचा हिरवा होता, अवघड रंग. माझ्या हिशेबाने चोख जमला होता, आणि बाहेर चार जण उगाचच काहीतरी शोधत रेंगाळत होते. मी कार्ड तिच्या हातात दिलं.

तिने ते पेटीत ठेवलं. तीन सेकंद बघितलं, करड्या पुठ्ठ्यावर नजर विसावली, पुन्हा तीन सेकंद. माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही. तिथे काय दिसतंय याची तिला पर्वा नव्हती, आणि नसायलाच हवी. मग तिने पेन उचललं आणि कार्डावर लिहिलं. अक्षरं मला दिसली नाहीत, म्हणून तिनेच वाचून दाखवलं, बाहेरच्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात.

“नापास. किंचित काळं मारतंय, ताई.”

सत्तावीस वर्षांत माझ्या तोंडावर हे म्हणायची कुणाची हिंमत झाली नव्हती. माझ्या समोर बसलेल्या या बाईला मी घडवलं होतं. अभिमानाने माझा ऊर भरून आला. मी कार्ड घेतलं आणि दुसरं करायला गेले.